तर्कदोष पकडण्याची रीत: मांडणी आधी, नाव शेवटी

तर्कदोषांची, म्हणजे युक्तिवादात होणाऱ्या ठरावीक चुकांची, यादी नुकतीच वाचून झालेला माणूस पुढचे काही दिवस जरा धोकादायक असतो. समोरच्याचे वाक्य संपण्याआधीच त्याला त्यात ‘व्यक्तिगत हल्ला’ किंवा ‘घसरगुंडी’ दिसू लागते, तो तसे जाहीर करतो, आणि मग मूळ मुद्दा बाजूला राहून त्या नावावरच वाद पेटतो. मी स्वतः एका गृहनिर्माण संस्थेच्या सभेत हे केले आहे. उभा राहून ‘हा सरळसरळ तर्कदोष आहे’ असे म्हणालो; एका ज्येष्ठ सभासदांनी शांतपणे ‘कोणत्या वाक्यात?’ एवढेच विचारले, आणि ते वाक्य मला सांगता आले नाही. नावे सगळी तोंडपाठ होती, पण जे काम शेवटी करायचे ते मी सर्वांत आधी करून बसलो होतो. पुढील आठ पायऱ्या त्या क्रमासाठी आहेत.

सरावासाठी एक भाषण समोर ठेवू. ते नमुन्यादाखल रचलेले आहे, तरी पुनर्विकासाच्या सभेला बसलेल्या कोणालाही ते ओळखीचे वाटेल:

‘आपली बिल्डिंग अडतीस वर्षांची झाली. शेजारच्या सोसायटीने पुनर्विकास केला आणि तीन वर्षांत तिथले भाव कुठल्या कुठे गेले. आपण मात्र दुरुस्त्यांवर पैसे ओततोय. आता एक तर पुनर्विकास करा, नाहीतर एक दिवस स्लॅब डोक्यात पडेल. आम्ही ज्या इंजिनिअरशी बोललो तेही हेच म्हणाले. आणि विरोध कोण करतंय? ज्यांनी फ्लॅट भाड्याने दिलेत ते! त्यांना कुठे इथे राहायचंय? आज एकाचं ऐकून थांबलो ना, तर उद्या प्रत्येक कामात कुणीतरी आडवं येईल.’

## तयारी

पहिली गरज कागद आणि पेनाची आहे. ऐकता ऐकता मनात दोष शोधणे जमेल असे वाटते, पण बोलण्याच्या ओघात वाक्यांची सरमिसळ होते आणि आपल्याला वाक्याऐवजी त्याची छाप तेवढी आठवत राहते. म्हणून आधी टिपून घ्यावे.

दुसरी गरज आहे ती आपण कोणत्या प्रकारच्या चर्चेत बसलो आहोत हे ओळखण्याची. न्यायदर्शनात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या जुन्या परंपरेत, याचे तीन प्रकार सांगितले आहेत: खरे काय ते ठरवण्यासाठी चालतो तो वाद, कसेही करून जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता फक्त दुसऱ्याचे खोडण्यासाठी चालते ती वितंडा. पहिल्या प्रकारात पुढील सर्व पायऱ्या उपयोगी पडतात. दुसऱ्यात त्या समोरच्यासाठी नव्हे, ऐकणाऱ्या तिसऱ्या माणसासाठी वापराव्या लागतात. तिसऱ्यात मात्र शांत बसणे बरे. प्रकार ओळखण्यासाठी ‘काय दाखवले तर तुमचे मत बदलेल?’ हा प्रश्न विचारून पाहावा. ‘काहीही दाखवा, बदलणार नाही’ असे उत्तर आले, तर पेन खिशात ठेवायला हरकत नाही.

इशारा: स्वतःचे मतही त्याच कागदाच्या मागच्या बाजूला आधीच लिहून ठेवावे. न आवडणाऱ्या निष्कर्षात दोष पटकन सापडतात आणि आवडणाऱ्यात सापडत नाहीत. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं हा न्याय इथेही लागू होतो.

## पायरी १: म्हटलेले वाक्य म्हटले तसेच उतरवा

‘ध’चा ‘मा’ करायला एकच अक्षर लागते. सभेत कोणी ‘आधी स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवाल पाहू’ असे म्हणाले, की दहा मिनिटांत त्याचे ‘यांना बिल्डिंग पडली तरी चालेल’ असे रूपांतर झालेले असते, आणि मग सगळे जण मिळून त्या दुसऱ्या, कोणीच न म्हटलेल्या वाक्याचा फडशा पाडतात. दोष शोधणारा माणूसही नकळत हेच करतो, कारण दुबळे वाक्य खोडायला सोपे असते.

याच पायरीवर दुहेरी अर्थाचे शब्द अधोरेखित करावेत. न्यायशास्त्रात वाक्छलाचे ठरलेले उदाहरण आहे: कोणी ‘हा नवकंबल आहे’, म्हणजे याच्याकडे नवी घोंगडी आहे, असे म्हणतो आणि ऐकणारा विचारतो, ‘याच्याकडे नऊ घोंगड्या कुठे आहेत?’ आपल्या सभेत हेच काम ‘धोकादायक’ हा शब्द करतो. बोलीत धोकादायक म्हणजे भीती वाटावी अशी इमारत. महापालिकेच्या नोटिशीत तोच शब्द येतो तेव्हा त्यामागे तपासणी आणि ठरलेली श्रेणी असते. भाषणाच्या सुरुवातीला पहिला अर्थ आणि शेवटी दुसरा अर्थ वापरला गेला असेल, तर मधली सगळी वाक्ये खरी असूनही निष्कर्ष टिकत नाही.

तपासणी: उतरवलेले वाक्य बोलणाऱ्याला वाचून दाखवावे. ‘हो, असंच म्हणालो’ असे उत्तर येईपर्यंत पुढे जाऊ नये.

## पायरी २: प्रतिज्ञा आणि हेतू वेगळे करा

जे पटवून द्यायचे आहे ती प्रतिज्ञा. ज्याच्या आधारावर ते पटवायचे आहे तो हेतू. ‘म्हणून’, ‘तेव्हा’, ‘त्याअर्थी’ यांच्यानंतर बहुधा प्रतिज्ञा येते, तर ‘कारण’, ‘ज्याअर्थी’ यांच्यानंतर हेतू. हे शब्द न बोलता गिळलेलेही असू शकतात, आणि प्रश्नचिन्हाआडही विधान लपलेले असते. ‘विरोध कोण करतंय?’ हा प्रश्न नव्हे. ‘विरोध करणाऱ्यांचा स्वार्थ आहे, म्हणून त्यांचा मुद्दा ऐकू नये’ असे ते विधान आहे, आणि तसेच ते लिहायला हवे.

आपल्या नमुन्यात एका प्रतिज्ञेसाठी, म्हणजे ‘पुनर्विकास करावा’ यासाठी, निदान सहा हेतू दिले आहेत: इमारतीचे वय, शेजारचे भाव, दोनच पर्याय उरल्याचा दावा, इंजिनिअरचे मत, विरोधकांचा स्वार्थ आणि उद्याची अडवणूक. दुरुस्त्यांवर पैसे ओतण्याची तक्रार स्वतंत्र हेतू आहे की दोन पर्यायांच्या दाव्याचाच भाग, हे बोलणाऱ्यालाच विचारून घ्यावे. प्रत्येक हेतू स्वतंत्र ओळीवर लिहावा, कारण त्यातील एक पडला म्हणून दुसरा पडत नाही. सर्वाधिक चुका इथेच होतात: सर्वांत कच्चा हेतू हेरून तो पाडला जातो आणि संपूर्ण भाषण निकालात निघाल्याचा आव आणला जातो.

मराठीत आणखी एक गोची आहे. ‘कारण’ हा एकच शब्द आपण दोन कामांसाठी वापरतो. ‘भिंत ओली आहे, कारण वरच्या मजल्यावरचा पाइप फुटलाय’ यात भिंतीचे ओलेपण सर्वांना दिसते आहे. ते सिद्ध करायचे नसून त्याचा खुलासा द्यायचा आहे. ‘वरच्या मजल्यावरचा पाइप फुटलाय, कारण भिंत ओली आहे’ हा मात्र युक्तिवाद आहे, आणि तो चुकू शकतो. पावसाचे पाणीही भिंतीत मुरते. तर्कदोष फक्त दुसऱ्या प्रकारात शोधायचा असतो.

## पायरी ३: न बोललेला दुवा लिहून काढा

धूर दिसतो म्हणून डोंगरावर अग्नी आहे, या अनुमानामागे ‘जिथे जिथे धूर, तिथे तिथे अग्नी’ ही व्याप्ती, म्हणजे हेतू आणि निष्कर्ष यांना जोडणारा दुवा, असते. रोजच्या बोलण्यात ती कोणी उच्चारत नाही, आणि दोष बहुतेक वेळा तिथेच दडलेला असतो. तिला उघड्यावर आणण्यासाठी आपल्या भाषेत आयता साचा आहे: ‘जे जे… ते ते’. नमुन्यातील पहिला हेतू त्यात घातला, की ‘जी जी इमारत अडतीस वर्षांची, तिचा तिचा पुनर्विकासच करावा लागतो’ असे वाक्य मिळते. एवढे वाक्य मोठ्याने वाचले तरी सभेतील निम्मे लोक भुवया उंचावतील.

इशारा: दुवा लिहिताना उगाच कडक करू नये. बोलणाऱ्याला कदाचित ‘जुन्या इमारतीचा दुरुस्तीखर्च साधारणपणे वाढत जातो’ एवढेच म्हणायचे असेल. युक्तिवाद उभा राहण्यापुरता जो सर्वांत सौम्य दुवा लागेल, तोच लिहावा. नाहीतर पहिल्या पायरीवर टाळलेला ‘ध’चा ‘मा’ आपण तिसऱ्या पायरीवर स्वतःच करतो.

## पायरी ४: हेतू मुळात खरा आहे का, ते पाहा

आकाशातले कमळ सुगंधी आहे, कारण ते कमळ आहे. यात कमळे सुगंधी असतात की नाही यावर वाद घालणे वेळेचा अपव्यय ठरेल, कारण आकाशात कमळच नाही. अशा हेतूला ‘असिद्ध’ म्हणतात, आणि दुव्याला हात घालण्याआधी ही खात्री करणे केव्हाही स्वस्त पडते.

‘इंजिनिअरशी बोललो’ म्हणजे काय? जिन्यात उभ्या उभ्या झालेले बोलणे, की सही-शिक्क्याचा अहवाल? गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमावलीनुसार) १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट ५ वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांवरील इमारतीचे ३ वर्षांतून एकदा करायचे असते. म्हणजे अडतीस वर्षांच्या इमारतीकडे अलीकडचा अहवाल असायलाच हवा. तो असेल तर सभेपुढे ठेवावा. नसेल तर ‘इंजिनिअर म्हणाले’ हा हेतू सध्या तरी आकाशातल्या कमळाच्या पंगतीत बसतो.

## पायरी ५: दुवा ताणून पाहा

सर्वाधिक वेळ या पायरीला द्यावा. कृती एकच आहे: हेतू आहे पण निष्कर्ष नाही, असे निदान एक खरे उदाहरण शोधायचे. ते सापडले, की दुवा जसा सांगितला तसा पक्का नाही.

धूर आणि अग्नीचेच उदाहरण उलटे करून पाहा. ‘डोंगरावर धूर आहे, कारण तिथे अग्नी आहे’ हे कानाला तितकेच बरोबर वाटते. पण लाल तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. अग्नीतून धूर निघायला ओले सरपण लागते. युक्तिवादात न सांगितलेल्या अशा अटीला ‘उपाधी’ म्हणतात, आणि दोष सांगताना ‘तुमचे चुकले’ असे म्हणण्यापेक्षा ‘यात ओले सरपण कोणते?’ असे विचारणे फार उपयोगी पडते.

आता शेजारच्या सोसायटीकडे वळू. पुनर्विकास झाला, नंतर भाव वाढले. म्हणून पुनर्विकासामुळे भाव वाढले. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, असे म्हणून हा हेतू उडवून लावण्याचा मोह होतो, पण तेही घाईचे होईल. त्याच रस्त्यावरच्या, पुनर्विकास न झालेल्या तिसऱ्या इमारतीतले त्याच तीन वर्षांतले भाव काढावेत. तिथेही तेवढीच वाढ असेल, तर ओले सरपण दुसरेच काही आहे: जवळ आलेले मेट्रो स्थानक, रुंद झालेला रस्ता किंवा सगळ्या परिसराचीच वाढलेली मागणी. तिथे वाढ नसेल, तर वक्त्याच्या म्हणण्याला बळ मिळते. नुसती म्हण फेकून यातले काहीच कळत नाही.

एका उदाहरणावरून सर्वसाधारण नियम काढणे नेहमी चूकच, असे अनेकांना वाटते. तसे नाही. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण भात एकाच भांड्यात, एकाच आचेवर, एकाच पाण्यात शिजलेला असतो. म्हणून नमुन्यावरून निष्कर्ष काढला गेला, की विचारावे: हे सगळे एकाच भांड्यातले आहे का? शेजारच्या इमारतीचा भूखंड, रस्त्याची रुंदी आणि सभासदसंख्या आपल्यासारखीच असेल, तर तिचे शीत आपल्या भाताला लागू पडते. ‘आमचे आजोबा जन्मभर तंबाखू खाऊन नव्वद वर्षे जगले’ यात मात्र भांडेच वेगळे आहे. तंबाखू खाऊन पन्नाशीत गेलेले आजोबा पंगतीत बसून आपला अनुभव सांगू शकत नाहीत, त्यामुळे हाताला लागणारी शिते एकाच बाजूची असतात.

‘एक तर पुनर्विकास, नाहीतर स्लॅब डोक्यात’ हा दोनच दारे दाखवणारा युक्तिवाद आहे. त्याला उत्तर म्हणून तिसरे दार प्रत्यक्ष दाखवावे लागते. ‘इतरही मार्ग असतील’ असे मोघम बोलून भागत नाही. मुंबई महापालिकेच्या वर्गीकरणात जीर्ण इमारतींच्या चार श्रेणी आहेत. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२अ म्हणजे रिकामी करून किंवा काही भाग पाडून मोठी दुरुस्ती करायची. सी-२ब म्हणजे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती करायची, आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती पुरेशी असलेली. वक्त्याने चारांतील पहिली श्रेणी तेवढी सांगितली आणि उरलेल्या तीन वगळल्या. इमारत खरोखर सी-१ मध्ये असेल, तर मात्र दोन पर्यायांचा हा युक्तिवाद बराच खरा ठरतो. तेव्हा त्याला तर्कदोष म्हणणारा माणूस शेजाऱ्यांच्या जिवाशी खेळत असतो.

उरला शेवटचा हेतू: आज एकाचे ऐकले तर उद्या प्रत्येक जण आडवा येईल. ‘म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो’ ही आपली म्हण याच वळणाची आहे, आणि ती शहाणपणाची म्हणून ओळखली जाते. मग घसरगुंडीचा दोष होतो केव्हा? पहिल्या पायरीवरून शेवटच्या पायरीपर्यंत नेणारे मधले टप्पे सांगता येत नाहीत तेव्हा. एका सभासदाला विनापरवाना जिन्यात कपाट ठेवू दिले, तर दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही. तिथे काळ कसा सोकावतो ते स्पष्ट दिसते. एका सभासदाच्या शंकेला उत्तर दिल्यामुळे मात्र दुसऱ्याला अडवणुकीचा कोणताच नवा हक्क मिळत नाही.

तपासणी: या पायरीअखेर प्रत्येक हेतूपुढे ‘दुवा पक्का’, ‘अमुक अटीवर पक्का’ किंवा ‘दुवा नाही’ यांपैकी एक शेरा असावा. सगळ्यांपुढे ‘दुवा नाही’ असेच लिहिले गेले असेल, तर आपण तपासत नसून खोडत आहोत.

## पायरी ६: माणसाविषयीचे बोलणे बाजूला काढा

विरोधकांनी फ्लॅट भाड्याने दिले आहेत, हे खरे असू शकते. त्यामुळे त्यांचा मुद्दा खोटा होत नाही. ‘ऑडिटचा अहवाल कुठे आहे?’ हा प्रश्न भाडेकरू ठेवणाऱ्याने विचारला काय आणि तिथेच राहणाऱ्याने विचारला काय, उत्तर एकच असते. ‘तुम्ही स्वतः मेंटेनन्स थकवता, तुम्ही कशाला बोलता?’ हाही त्याच जातीचा प्रकार.

तरीही माणसाकडे पाहणे प्रत्येक वेळी गैर नसते. हेतूचा भार ज्याच्या शब्दावर आहे, त्याची विश्वासार्हता तपासावीच लागते. शिफारस करणाऱ्या इंजिनिअरला इच्छुक विकासकाकडून मानधन मिळत असेल, तर ते विचारणे हा व्यक्तिगत हल्ला ठरत नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे: ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ असे म्हणणारा माणूस तपासावा, ‘हे कागद पाहा’ असे म्हणणाऱ्याचे कागद तपासावेत.

बहुमताचेही असेच. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७९अ खालील निर्देशांनुसार पुनर्विकासाच्या ठरावाला ठराविक गणपूर्ती (किमान उपस्थिती) आणि बहुमत लागते, ते योग्यच आहे. बहुमताने निर्णय होतो, पण बीममधल्या सळ्या गंजल्या आहेत की नाहीत हे हात वर करून ठरत नाही.

## पायरी ७: दोष प्रश्नातून सांगा

आता, सहा पायऱ्यांनंतर, तोंड उघडावे. आणि तरीही दोषाचे नाव घेऊ नये. नाव घेतले की समोरच्याला तो आरोप वाटतो, आणि बाकीच्यांना तुम्ही पुस्तकी वाटता. ‘हा खोटा पर्याय आहे’ याऐवजी ‘आपली इमारत चारांपैकी कोणत्या श्रेणीत येते, हे कोणी सांगू शकेल का?’ असे विचारावे. ‘हा घाईचा निष्कर्ष आहे’ याऐवजी ‘त्याच रस्त्यावर पुनर्विकास न झालेल्या इमारतीत काय भाव आहे?’ असे. उत्तर मिळाले तर सगळ्यांचाच फायदा होतो. मिळाले नाही तर दोष सभेला आपोआप दिसतो.

एका वेळी एकच प्रश्न विचारावा, आणि तोही सर्वांत भक्कम हेतूवर. सहा प्रश्नांची फैर झाडली, की वक्ता त्यांतल्या सर्वांत सोप्या प्रश्नाचे उत्तर देऊन खाली बसतो. असे होताना मी अनेकदा पाहिले आहे.

## पायरी ८: निष्कर्ष पुन्हा, स्वतंत्रपणे तपासा

युक्तिवाद कच्चा निघाला म्हणजे निष्कर्ष खोटा ठरला, असे समजणे हाही तर्कदोषच आहे, आणि तर्कदोष शिकलेल्यांना तो सर्वांत जास्त जडतो. दाट धुक्याला धूर समजून कोणी डोंगरावर आग लागल्याचे सांगितले, तरी आग खरोखर लागलेली असू शकते. वर दिलेले भाषण सहाही हेतूंवर लंगडे ठरले, तरी त्या इमारतीला पुनर्विकासाची खरीच गरज असू शकते. आपण फक्त एवढेच दाखवले, की ती गरज या भाषणातून सिद्ध झाली नाही.

म्हणून कागद उलटावा. तयारीच्या वेळी मागच्या बाजूला लिहिलेले स्वतःचे मत आता याच सात पायऱ्यांतून न्यावे: ‘दुरुस्ती पुरेशी आहे’ असे लिहिले असेल, तर त्याचा हेतू काय, दुवा काय, आणि त्याचे ओले सरपण कोणते? माझ्या कागदावर त्या सभेनंतर घरी येऊन पाहिले तेव्हा एकच हेतू सापडला होता, आणि तो म्हणजे ‘आजवर तर काही झाले नाही’.

अखेरीस सभेच्या इतिवृत्तात काय लिहिले जाते तिकडे लक्ष द्यावे, कारण पुढच्या सभेत सगळे जण त्यावरच बोट ठेवतात. ‘पुनर्विकासावर सविस्तर चर्चा झाली’ या वाक्याला काही अर्थ नाही. ‘स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल सभेपुढे ठेवण्यात आला नाही, तो पुढील सभेच्या विषयपत्रिकेसोबत सर्व सभासदांना द्यावा, असे ठरले’ असे वाक्य घालण्याची सूचना सभा संपण्याआधी मांडावी, आणि ते वहीत उतरलेले पाहूनच उठावे.